कोणत्या ब्राउझरवर आहात?

मदत-क्रमांकावर फोन लागला, तक्रार सांगून झाली, की पलीकडचा माणूस विचारतो, "कोणता ब्राउझर वापरताय?" उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांत संगणकाचे वर्ग घेताना हा प्रश्न मी विद्यार्थ्यांच्या कानाशी लावलेल्या फोनमधून सतत ऐकत आले आहे. त्यांची उत्तरंही माझ्या कानावर पडत आली आहेत. "जिओ." "गुगल." "एचपी." "विंडोज सेव्हन." "सोसायटीचं वायफाय आहे, साहेब." मग पलीकडून "कॅशे क्लिअर करून बघा" असं सांगून फोन ठेवला जातो, आणि इकडचा माणूस माझ्याकडे बघून म्हणतो, "मॅडम, मला यातलं काही कळत नाही."

हे वाक्य मला फार टोचतं. बोलणारी माणसं कोण असतात ते मी बघते ना. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आयुष्य काढलेले, मायक्रोमीटरवरचं माप नजरेनं ओळखणारे काका. उल्हासनगर पाच नंबरला जीन्स शिवून घेणाऱ्या, कोणत्या कारागिराचे किती पीस झाले हे वही न उघडता सांगणाऱ्या ताई. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून मुंबईच्या रुग्णालयात ड्यूटी करणारी नर्स. यांना कळत नाही असं कसं म्हणायचं? त्यांना एवढंच कुणी सांगितलेलं नाही की समोरच्या पडद्यावर यंत्र एक, त्यावरची विंडोज दुसरी, जोडणी तिसरी, आणि या सगळ्यावर बसून पान उघडून दाखवणारा ब्राउझर चौथा.

बरं, ही गोष्ट फक्त आमच्या गावांची नाही. २००९ साली गुगलच्या एका कर्मचाऱ्याने न्यू यॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांना कॅमेऱ्यासमोर विचारलं होतं, ब्राउझर म्हणजे काय? त्या दिवशी विचारलेल्यांपैकी आठ टक्क्यांहून कमी लोकांना नीट सांगता आलं. बाकीच्यांपैकी अनेकांनी गुगलचं किंवा शोधयंत्राचं नाव घेतलं. तिथे तो गमतीचा व्हिडिओ झाला. आमच्याकडे त्याच न कळण्यापायी उत्पन्नाचा दाखला रखडतो, मुलीचा अकरावीचा अर्ज अर्धवट राहतो, हयातीचा दाखला वेळेत जात नाही. शिवाय अर्ज अडला की दोष आपल्याच अकलेचा आहे, असं माणूस धरून चालतो. म्हणून ब्राउझर ओळखणं हा मी माझ्या वर्गातला पहिला धडा केला. आपण काय वापरतो आहोत हे नावानिशी सांगता येणं ही मला आता नागरिकाच्या हातातली गोष्ट वाटते.

कागदाचं मोल या गावांना नव्याने शिकवावं लागत नाही. कल्याणच्या लष्करी छावण्यांच्या जागेवर फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. सिंधमध्ये मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई मागताना तिथल्या कुटुंबांनी 'क्लेम'चे कागद वर्षानुवर्षं जपले. माझ्या वर्गात येणाऱ्या एका सिंधी आजोबांनी वडिलांची तशी फाइल अजून ठेवली आहे. "तेव्हा कचेरीत जायचं, तर कोणत्या टेबलाशी उभं राहायचं हे बाबांना माहीत असायचं," ते म्हणाले होते. आज टेबल पडद्यावर आलं आहे, आणि तिथे कुठे उभं राहायचं ते कळावं हीच त्यांची माझ्याकडून अपेक्षा होती.

मी शिकवायला लागले तेव्हा महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम नवा होता. २००१ साली तो सुरू झाला आणि सरकारी नोकरीसाठी त्याचं प्रमाणपत्र लागतं म्हटल्यावर गल्लोगल्ली सेंटरं निघाली. त्या काळात प्रत्येक संगणकावर एकच ब्राउझर असायचा, विंडोजबरोबर आलेला इंटरनेट एक्सप्लोरर. जगभरातले दहांतले नऊ जण तोच वापरत. विद्यार्थी त्याला नावाने ओळखत नसत. "निळा ई दाबायचा, की नेट चालू होतं," अशीच सगळ्यांची भाषा होती. दुसरं काही अस्तित्वातच नसेल तर वेगळं नाव हवं कशाला? तिथूनच ब्राउझर आणि इंटरनेट ही दोन्ही डोक्यात एकजीव झाली, आणि आज चाळिशीत असलेल्या पिढीच्या मनातून ती अजून सुटी झालेली नाहीत.

ती सुटी करायला मला मराठी वर्तमानपत्रांनी मदत केली. त्या वेळी काही मराठी दैनिकांची संकेतस्थळं युनिकोड या सामाईक अक्षरसंकेतात नव्हती. प्रत्येकाचा स्वतःचा फॉन्ट असे, आणि पानाबरोबर तो आपोआप उतरवून घेण्याची जी सोय वापरलेली होती ती मायक्रोसॉफ्टची असल्यामुळे फक्त इंटरनेट एक्सप्लोररलाच कळे. ९ नोव्हेंबर २००४ ला फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली आणि मी ती सेंटरच्या एका संगणकावर घातली. मग वर्गासमोर दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या. पत्ता तोच, बातमी तीच. एका खिडकीत स्वच्छ मराठी, दुसरीत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता सडा. "साइट बिघडली," असं मागून कुणीतरी म्हणालं. मी विचारलं, बिघडली असती तर या खिडकीत कशी दिसली असती? वर्ग विचारात पडला, आणि पुढच्या बाकावरच्या मुलीने उत्तर दिलं, "मजकूर एकच येतोय मॅडम, वाचणारे दोन वेगळे आहेत."

यापेक्षा नेमकी व्याख्या मला पुस्तकात सापडली नाही. दूरच्या संगणकावरून आपल्याकडे तयार चित्र येत नाही. येतो तो मजकूर आणि तो कसा मांडायचा याच्या सूचना. आपण पत्ता टाकून एंटर दाबलं की ब्राउझर त्या नावामागचा आकडी पत्ता शोधतो, तिथल्या संगणकाशी जोडणी करतो, तो खरोखर त्याच नावाचा आहे का याचं प्रमाणपत्र तपासतो, मग आलेल्या सूचना वाचून आपल्या पडद्यावर पान रचतो. १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी पहिला ब्राउझर लिहिला तेव्हाही, प्रमाणपत्राची तपासणी सोडली तर, कामाचं स्वरूप हेच होतं. ३० एप्रिल १९९३ ला सर्नने हे तंत्र सगळ्यांसाठी खुलं केलं, म्हणून कुणालाही आपला ब्राउझर लिहिता आला. सूचना वाचणारे वेगळे, म्हणून एकच पान कुठे नीट दिसतं, कुठे मोडतं.

पुढे युनिकोड रुळलं आणि मराठीचा तो प्रश्न मिटला. पण दुसरे उभे राहिले. २ सप्टेंबर २००८ ला क्रोम आला आणि काही वर्षांतच निळ्या ईच्या जागी रंगीत गोल चकती बसली. अडचण कचेऱ्यांमध्ये झाली. डिजिटल सहीची बरीच कामं ब्राउझरच्या आत चालणाऱ्या जावावर बांधलेली होती. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने तसल्या पूरक जोडण्यांचा, म्हणजे प्लगइनांचा, आधार पूर्ण काढून टाकला, मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सनेही जावाची वाट बंद केली. २०२० अखेर फ्लॅश हे तसलंच प्लगइन संपलं, १५ जून २०२२ ला खुद्द इंटरनेट एक्सप्लोररला निरोप मिळाला. ही सगळी स्थित्यंतरं मी आमच्या भागातल्या मॉनिटरच्या कडांवर वाचली आहेत. करसल्लागारांच्या कार्यालयांत, फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असत : 'सहीचं काम फक्त ई मध्ये', 'इथे क्रोम अपडेट करू नये'. पट्टी लिहिणारा नोकरी सोडून गेला तरी पट्टी तशीच राहायची, आणि नव्या माणसाला ती का लावली आहे हे ठाऊक नसायचं. नियम उरला, कारण हरवलं. वर्गात मी कारण सांगायचा हट्ट धरते तो यामुळेच.

जीन्सवाल्या ताईंची हकिगत याच जातीची. त्यांच्या गाळ्यात सेकंडहँड संगणक होता, विंडोज सातचा. काही संकेतस्थळं उघडली की नुसतं पांढरं पान यायचं. नेट मंद आहे असं समजून त्यांनी दोनदा ब्रॉडबँडचा महागडा प्लॅन घेतला, केबल बदलून घेतली, राउटरही बदलला. मी गेले, कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांतून क्रोमची माहिती उघडली. आवृत्ती १०९. विंडोज सातसाठीचा तो शेवटचा क्रोम. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आला तेव्हापासून त्या जुन्या विंडोजला नवा क्रोम मिळणं बंद झालं होतं. नवी पानं नव्या सूचना वापरत होती आणि ताईंचा ब्राउझर त्या वाचू शकत नव्हता. "वर एक पट्टी यायची खरी," त्या म्हणाल्या, "मी रोज फुली मारून बंद करायचे." पट्टीत हेच लिहिलेलं असायचं, इंग्रजीत. जुन्या विंडोजसाठी फायरफॉक्सने ११५ ही आवृत्ती सुरक्षेच्या दुरुस्त्या देत चालू ठेवली होती. ती घालून आम्ही तात्पुरतं काम भागवलं, आणि पुढल्या हंगामाच्या पैशांतून त्यांनी यंत्र बदललं. प्लॅनवर गेलेले पैसे मात्र परत आले नाहीत.

ओळखायचं कसं, हे समजावताना मला आमच्या प्रवासाचाच दाखला उपयोगी पडतो. संध्याकाळी दादरला उभा असलेला बदलापूरकर इंडिकेटरकडे एक नजर टाकतो. 'बीएल' म्हणजे बदलापूर, 'ए' म्हणजे अंबरनाथ, 'एस' म्हणजे कर्जत, 'एन' म्हणजे कसारा. शेजारी धीमी की जलद आणि डबे किती तेही लिहिलेलं असतं. हे कुणी शाळेत शिकवलं नाही, पण चुकीच्या गाडीत बसलं की काय होतं हे प्रत्येकाला माहीत आहे. ब्राउझरचंही तसंच आहे. त्यालाही इंडिकेटर आहे, फक्त तो मेनूच्या आत आहे.

माझ्या वर्गात तीन गोष्टी वहीत लिहून घ्यायच्या असतात : कोणता, कितवा आणि कशाच्या आत. संगणकावर क्रोम किंवा एज असेल तर उजव्या वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके, फायरफॉक्स असेल तर तीन आडव्या रेघा. तिथे 'हेल्प', आणि त्यात 'अबाउट'. मॅकवर सफारी असेल तर डावीकडे वर 'सफारी' या शब्दावर, पुन्हा 'अबाउट'. अँड्रॉइड फोनवर क्रोमच्या 'सेटिंग्ज'मध्ये अगदी तळाशी. आयफोनवर सफारी फोनच्या प्रणालीबरोबरच बदलतो, त्यामुळे तिथे प्रणालीची आवृत्ती लिहायची. लांबलचक आकड्यातला पहिल्या टिंबापर्यंतचा भाग पुरे. 'अबाउट'चं पान उघडं असतानाच क्रोम नवी आवृत्ती आहे का ते बघतो आणि ती उतरवून घेतो, पण ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय ती लागू होत नाही. आमच्याकडची दुकानं सकाळी उघडलेली खिडकी रात्रीपर्यंत ठेवतात, रात्री यंत्र नुसतं झोपवतात. कोपऱ्यातलं 'अपडेट' आठवडेच्या आठवडे तसंच राहतं.

कोणता हे कळलं की त्याचं कूळही सांगावं लागतं. एजच्या आत जानेवारी २०२० पासून क्रोमचंच इंजिन, म्हणजे सूचना वाचून पान रचणारा भाग, आहे. ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंगच्या फोनमधला ब्राउझर, सगळे त्याच घराण्यातले. त्यामुळे क्रोममध्ये पान मोडलं म्हणून एजमध्ये बघितलं तर बहुतेक वेळा तेच मोडलेलं पान दिसतं. खरी दुसरी बाजू बघायची तर फायरफॉक्स उघडावा, कारण त्याचं इंजिन वेगळं आहे. भारतातल्या आयफोनवर तर कोणत्याही नावाचा ब्राउझर घेतला तरी आत सफारीचंच इंजिन चालतं. ऑर्डनन्सवाल्या काकांना हे फार आवडलं. "म्हणजे कव्हर वेगळं, मोटर एकच," ते म्हणाले, आणि वहीत तसंच लिहिलं.

कशाच्या आत, हा प्रश्न स्मार्टफोन आल्यावर जोडावा लागला आणि आता तोच सर्वांत महत्त्वाचा झाला आहे. सोशल मीडियाच्या अ‍ॅपमध्ये आलेल्या दुव्यावर बोट ठेवलं की पान अनेकदा त्या अ‍ॅपच्याच पोटात उघडतं. दिसायला ब्राउझर, पण आपला नेहमीचा नव्हे. त्यात साठवलेले पासवर्ड नसतात, आपण आधी केलेलं लॉगिन नसतं. ओटीपी बघायला मेसेजमध्ये जाऊन परत आलं की भरलेला अर्ज गायब. १५ ऑगस्ट २०२१ पासून कोविड लशीचे दोन्ही डोस घेतलेल्यांना लोकल खुली झाली तेव्हा प्रमाणपत्र हवं म्हणून बदलापूरचे कितीतरी नोकरदार माझ्याकडे आले. "डाउनलोड दाबतोय, पण काही उतरतच नाही." पान कशाच्या आत उघडलंय ते बघायचं, वरच्या ठिपक्यांतून 'ब्राउझरमध्ये उघडा' निवडायचं, की फाइल उतरायची. साधी गोष्ट, पण ती ठाऊक नसल्याने लोक रोजगाराला मुकत होते.

त्याच वर्षी मार्चमध्ये जगभरातल्या अँड्रॉइड फोनवर अचानक अ‍ॅपं उघडताक्षणी बंद पडू लागली होती. कारण होतं वेबव्ह्यू नावाच्या एका भागाची सदोष आवृत्ती. अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवायचं काम हा वेबव्ह्यू करतो. ईमेल वेगळं, बँक वेगळी, खरेदीचं दुकान वेगळं, तरी सगळी एकदम आडवी झाली, कारण सगळ्यांच्या आत पान दाखवणारा एकच होता. सुधारित आवृत्ती आल्यावर ती उभी राहिली. आपण ब्राउझर उघडत नाही, फक्त अ‍ॅपं वापरतो, असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देते. ब्राउझर तिथेही असतो, नाव न सांगता काम करत असतो.

कोणाच्या हातून पान येतंय याचाही विचार हवा. साध्या फोनच्या दिवसांत ऑपेरा मिनी आमच्या विद्यार्थ्यांचा लाडका होता, कारण त्यात डेटा कमी जायचा. ही बचत व्हायची कशी? पान आधी ऑपेराच्या संगणकावर जायचं, तिथे आकसायचं, मग फोनवर यायचं. बातम्या वाचायला उत्तम, पण बँकेचं काम मधल्या तिसऱ्याच्या हातून करायचं का, हा प्रश्न वापरणाऱ्याला पडायला हवा. यूसी ब्राउझर तर इतक्यांच्या फोनमध्ये होता की २९ जून २०२० ला सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी अ‍ॅपांत त्याचं नाव आल्यावर अनेकांनी विचारलं, "मग आता नेट बंद होणार का?"

आपण ब्राउझर ओळखतो, तसं संकेतस्थळही आपल्या ब्राउझरला ओळखायचा प्रयत्न करतं. प्रत्येक पान मागताना ब्राउझर आपली एक ओळख पाठवतो. तिची कथा मी वर्गात नेहमी सांगते. नव्वदच्या दशकात नेटस्केप हा ब्राउझर मोझिला या नावाने ओळख द्यायचा, आणि चांगली सजवलेली पानं संकेतस्थळं फक्त मोझिलालाच देत. मग इंटरनेट एक्सप्लोररनेही आपल्या ओळखीत मोझिला लिहिलं. पुढे आलेल्यांनी आधीच्यांची नावं जोडत नेली. आजचा क्रोम ओळख देतो तेव्हा त्यात मोझिला, अ‍ॅपलवेबकिट, गेको, क्रोम आणि सफारी ही सगळी नावं असतात. आमच्या भागातल्या फॉर्मवाल्या दुकानांत "डेस्कटॉप साइटवर टिक करा" हा मंत्र सगळ्यांना पाठ आहे. तो चालतो तो याच ओळखीमुळे. टिक केली की फोन आपण संगणक आहोत असं सांगतो आणि संकेतस्थळ मोठ्या पडद्याचं पान पाठवतं. तेव्हा 'तुमचा ब्राउझर चालणार नाही' अशी पाटी दिसली तर लगेच हार मानू नये. अनेकदा संकेतस्थळाने नुसतं ओळखपत्र बघून दार लावलेलं असतं.

कधीकधी ब्राउझर स्वतःच आपल्याला अडवतो, आणि ते समजून घेतलं तर तो आपल्या बाजूचा आहे हे कळतं. पैसे भरले, पावती आलीच नाही, अशी घाबरी तक्रार मी फार ऐकते. पावती नव्या छोट्या खिडकीत, म्हणजे पॉप-अपमध्ये, येणार असते, ब्राउझर जाहिरात समजून ती रोखतो आणि पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला बारीक खूण दाखवतो. त्या खुणेवर दाबून त्या एका संकेतस्थळाला परवानगी दिली की पावती मिळते. पैसे पुन्हा भरायचे नसतात. दुसरी गोष्ट तारखेची. पावसाळ्यात वीज सारखी जाते-येते, जुन्या संगणकातला बटणाएवढा सेल संपलेला असतो, आणि वीज आल्यावर यंत्राची तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग प्रत्येक सुरक्षित पानावर लाल इशारा. ब्राउझर संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत आपल्या घड्याळाशी ताडून बघतो, म्हणून असं होतं. खालच्या कोपऱ्यातली तारीख दुरुस्त केली की इशारे जातात, शंभरेक रुपयांच्या आत नवा सेल बसतो. आधी तारीख बघा, मग तंत्रज्ञाला बोलवा, हे मी फळ्यावर लिहून ठेवलं आहे.

कुलुपाच्या खुणेबद्दल मात्र सावध करावं लागतं. जुलै २०१८ पासून क्रोम साध्या, न झाकलेल्या जोडणीला 'सुरक्षित नाही' म्हणू लागला. त्यामुळे लोकांनी उलटा अर्थ घेतला, की कुलूप दिसलं म्हणजे संकेतस्थळ खरं. कुलूप सांगतं ते इतकंच, की वाटेत तुमचं बोलणं कुणी वाचत नाही. पलीकडे बसलेला भला आहे की लबाड, हे ते सांगत नाही. हाच गैरसमज बघून सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने ती खूण काढली. २०२४ च्या जुलैत माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले आणि बायकांच्या फोनमध्ये दुव्यांचा पाऊस पडला, तेव्हा आम्ही वर्गात फक्त पत्ता वाचायचा सराव केला. दुहेरी तिरक्या रेघेनंतरचा पत्ता पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंत घ्यायचा आणि उजवीकडून डावीकडे वाचायचा. शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते बघायचं. डावीकडे कुणी कितीही वेळा महाराष्ट्र, शासन, योजना लिहिलं तरी फसायचं नाही. दहावीही न झालेल्या बायका हे दोन तासांत शिकल्या आणि पुढे गल्लीत इतरांना शिकवू लागल्या.

उल्हास नदीचं पाणी बदलापूरच्या सखल भागांत शिरतं तेव्हा कपाटातले कागद पहिले जातात. २०१९ च्या पुरानंतर अनेक घरांनी कागद ऑनलाइन ठेवणाऱ्या डिजिलॉकरमध्ये खाती काढली, आणि ती काढली दुकानातल्या किंवा सेंटरच्या संगणकावर. तिथे दुसरा धोका असतो. सायबर कॅफेसाठीच्या २०११ च्या नियमांप्रमाणे कोण बसलं याची नोंद ठेवावी लागते, पण बसलेला माणूस ब्राउझरमध्ये काय सोडून गेला याची जबाबदारी कुठल्या वहीत नसते. 'पासवर्ड साठवू का?' या प्रश्नाला लोक घाईत 'हो' म्हणतात. उतरवलेली आधार कार्डं 'डाउनलोड्स'मध्ये रांगेने पडून राहतात. परक्या संगणकावर गुप्त (इन्कॉग्निटो) खिडकी उघडावी, काम झाल्यावर लॉगआउट करून ती बंद करावी, उतरवलेल्या फाइली हाताने पुसाव्यात. गुप्त खिडकी त्या यंत्रावरचा माग पुसते. संकेतस्थळाला किंवा नेट पुरवणाऱ्याला आपण दिसतोच, हेही त्याच वेळी सांगायला हवं.

या सगळ्याने काय बदलतं, ते मी गेल्या नोव्हेंबरात पाहिलं. ऑर्डनन्सवाल्या काकांचं हयातीच्या दाखल्याचं काम एका संकेतस्थळावर अडलं. त्यांनी वही उघडली आणि मदत-क्रमांकावर स्वतः बोलले. ब्राउझर कोणता, आवृत्ती कितवी, विंडोज कोणती, पॉप-अपला परवानगी दिली आहे, दुसऱ्या इंजिनच्या ब्राउझरमध्येही हीच चूक येते, अमुक शब्दांत येते. पलीकडच्या माणसाने 'कॅशे क्लिअर करा' म्हटलं नाही. त्याने चूक लिहून घेतली, तक्रारीचा क्रमांक दिला, आणि ती चूक त्यांच्याच बाजूची असल्याचं दोन दिवसांनी कळवलं. काम झालंच, पण काका मला सांगायला आले ते दुसरंच. "मॅडम, पहिल्यांदा समजलं की चूक माझी नव्हती."

म्हणून माझं मागणं दोन्हीकडे आहे. अर्ज मागवणाऱ्या प्रत्येक कचेरीने सूचनेत शुल्क आणि मुदत लिहिते तशाच ठळक अक्षरांत, मराठीत, हेही लिहावं : कोणत्या ब्राउझरवर तपासलं आहे, किमान कोणती आवृत्ती लागेल, फोनवर चालेल की नाही, पावती कुठे उघडेल. आणि शाळेत संगणकाचा तास असतो तिथे मुलांनी घरच्या प्रत्येक फोनमधला ब्राउझर शोधून, त्याची आवृत्ती लिहून आणायचा एक गृहपाठ असावा. नावं बदलतील, आकडे तर महिन्या-महिन्याला बदलतात. पण अडलं की आधी समोरचं यंत्र नीट बघायचं आणि मग नेमकं बोलायचं, ही सवय एकदा लागली की पंचविशीतल्या भाच्यावर किंवा पन्नास रुपये घेणाऱ्या दुकानावर टाकलेलं कितीतरी काम माणूस स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावाने करू लागतो. ती सवय लावण्यासाठी मी शिकवते.